चीनची सीमाभिंत आणि तिच्यावरचा पहारा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीनच्या भिंतीबद्दल येणारे बहुतेक प्रश्न दगडविटांचे असतात. किती लांब, किती उंच, कधी बांधली. मला मात्र त्या भिंतीवरच्या माणसांबद्दलचे प्रश्न अधिक मोलाचे वाटतात. रात्री तिथे कोण जागायचं, त्याचा शिधा कुठून यायचा, पगार थकला की तो काय करायचा? पुन्हा पुन्हा आलेल्या अशा प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. फोटोत दिसणारी भिंत मुख्यतः मिंग राजवटीची (१३६८ ते १६४४), म्हणून बहुतेक उत्तरं त्या काळाची आहेत. त्याआधीच्या हान राजवटीबद्दल प्रश्न १२ मध्ये लिहिलं आहे.

१. ही एकच सलग भिंत आहे का?

नाही. वेगवेगळ्या राजवटींनी वेगवेगळ्या जागी भिंती बांधल्या. चीनच्या पहिल्या सम्राटाचा (इ. स. पू. तिसरं शतक) सेनापती मंग थ्येन याच्या काळातली भिंत आणि मिंगांची भिंत यांच्या जागा बऱ्याच ठिकाणी एकमेकींपासून खूप दूर आहेत. खुद्द मिंग काळातही काही भागांत दुहेरी-तिहेरी भिंती होत्या, तर काही भागांत नुसता खंदक किंवा कडा.

२००९ साली जाहीर झालेल्या मोजणीत मिंग भिंतीची लांबी ८,८५१.८ किलोमीटर भरली. त्यातली बांधीव भिंत ६,२५९.६ किलोमीटर. २,२३२.५ किलोमीटर म्हणजे डोंगर, नद्या असे नैसर्गिक अडथळे, आणि उरलेले खंदक. जवळजवळ पाव भाग निसर्गानेच दिलेला होता. सगळ्या राजवटींच्या भिंती धरल्या तर २०१२ चा आकडा २१,१९६ किलोमीटर आहे.

मिंग अधिकारी तिला 'ब्यान छ्यांग', म्हणजे सीमेची भिंत, म्हणत. हा साधा शब्दच मला जास्त खरा वाटतो.

२. एवढ्या लांब सीमेचा कारभार कोण पाहायचं?

सीमा नऊ लष्करी ठाण्यांत वाटलेली होती. पूर्वेकडून पश्चिमेकडे ती अशी : ल्याओदोंग, जीजौ, श्वेनफू, दातोंग, शान्शी (थाययुआन), यानस्वेई, निंगश्या, गूयुआन आणि गान्सू. ही नऊ एकाच दिवशी, एका हुकमाने उभी राहिली नाहीत. गरज पडेल तशी दीडेकशे वर्षांत वाढत गेली. जीजौ, श्वेनफू आणि दातोंग या तिघांवर बीजिंगची सुरक्षितता अवलंबून होती, म्हणून दरबाराचं लक्ष आणि पैसा त्यांच्याकडे जास्त जायचा.

राजधानीच बीजिंगला असल्यामुळे सीमा दाराशी होती. गूबेईकौ खिंडीतून बीजिंग शंभरेक किलोमीटरवर. चांगले घोडे असलेल्या टोळीला हे अंतर दोनतीन दिवसांचं.

३. एका ठाण्यात हुकूम वरून खाली कसा उतरायचा?

ठाण्यावर मुख्य सेनापती, म्हणजे 'त्सोंगबिंग'. त्याच्या ठाण्याचे काही विभाग पाडलेले असत, त्यांना 'लू' म्हणजे वाट म्हणत. प्रत्येक वाटेवर एक दुय्यम सेनापती, त्याच्या हाताखाली गढ्या आणि खिंडींचे रखवालदार अधिकारी, आणि सगळ्यात खाली बुरुजावरचे पाचसात शिपाई.

ही झाली लष्करी बाजू. दरबाराचा सेनापतींवर पूर्ण भरवसा कधीच नव्हता. म्हणून ठाण्यावर परीक्षा उत्तीर्ण झालेला एक मुलकी अधिकारी, 'श्युनफू', बसवलेला असे. पुढे दोनतीन ठाण्यांवर मिळून एक 'त्सोंगदू' आला. तोही मुलकीच. बराच काळ दरबारातले खोजेही देखरेखीला असत; १६ व्या शतकात ज्याजिंग सम्राटाने त्यांना काढलं. एकाकडे फौज, दुसऱ्याकडे हिशेब, तिसऱ्याकडे थेट सम्राटाचा कान, अशी ही वाटणी होती. फितुरीला त्यामुळे चाप बसला. मात्र घोडदळ खिंडीत शिरत असताना तिघांचं एकमत व्हायची वाट पाहणं परवडत नसे. त्याचं एक उदाहरण प्रश्न ९ मध्ये आहे.

४. शत्रू दिसला की निरोप कसा जायचा?

दिवसा धूर, रात्री जाळ, आणि मिंग काळात जोडीला तोफेचा बार. १४६६ चा नियम अगदी नेमका होता. शंभराच्या आसपासपर्यंत माणसं दिसली तर एक इशारा आणि एक बार. ५०० असतील तर दोन. हजाराच्या वर तीन, ५,००० च्या वर चार, १०,००० च्या वर पाच. पुढच्या बुरुजाने तेवढेच बार उडवायचे, मग त्याच्या पुढच्याने. म्हणजे धोका आहे एवढंच कळत नव्हतं, तर किती मोठा आहे तेही सेनापतीला कळायचं. लेखी तपशील मागाहून घोडेस्वार आणायचा.

बार का जोडला हे उघड आहे. धुकं असेल, धुळीचं वादळ असेल, तर धूर दिसत नाही. आवाज मात्र पोचतो.

५. तो धूर लांडग्याच्या विष्ठेचा असायचा म्हणतात. खरं का?

जुन्या चिनी लिखाणात सीमेवरच्या धुराला 'लांग यान', लांडग्याचा धूर, हेच नाव आहे. बुरुजांच्या सामानाच्या यादीतही ती विष्ठा सापडते (पुढचा प्रश्न पाहा). पण रोजच्या कामाला लाकडाच्या मोळ्या, बोरू आणि वाळलेलं गवत. एवढ्या बुरुजांना पुरतील इतके लांडगे कुठून आणणार?

६. एका बुरुजावर किती माणसं असायची? त्यांच्याकडे काय सामान होतं?

साध्या टेहळणी बुरुजावर पाचसात. याचं उत्तर देणारा १६ व्या शतकातला एक शिलालेख गान्सू भागात मिळाला आहे, आणि या सगळ्या विषयातली माझी सर्वात आवडती गोष्ट तीच आहे. त्या बुरुजावर पाच शिपाई होते आणि प्रत्येकाच्या नावाशेजारी त्याच्या बायकोचं माहेरचं आडनाव कोरलेलं आहे. म्हणजे ही पाच जोडपी तिथे संसार करत होती.

पुढे सामान. एक तोफ, एक बंदूक, दारू आणि वात. प्रत्येकाला एक धनुष्य, एक तलवार, तीस बाण. एक निशाण, इशाऱ्याची लाकडी टिपरी आणि घंटा, वर चढायला दोरीची शिडी. सरपणाचे पाच ढीग, खाली लोटायच्या दगडांचे वीस. मग घरातलं : पाच कढया, पाच रांजण, दहा वाट्या, जेवणाच्या काड्यांचे दहा जोड. शेवटी कोंबड्या, कुत्री आणि लांडग्याची विष्ठा.

दहा माणसं, दहा वाट्या. साम्राज्याची सीमा राखणं म्हणजे प्रत्यक्षात काय, हे मला कुठल्याही नकाशापेक्षा या यादीने जास्त समजावलं. हे सामान दगडावर का कोरलं, तेही लक्षात घ्या. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला मोजून घेता यावं आणि शिपायाला विकता येऊ नये.

बीजिंगच्या उत्तरेचे मोठे विटांचे बुरूज वेगळे. ते प्रश्न ८ मध्ये.

७. सैनिक कुठून यायचे? त्यांना खायला कोण घालायचं?

सुरुवातीला सैनिकी पिढीजात होती. काही घराण्यांची नोंदच लष्करी म्हणून झालेली असे, आणि त्या घरातला एक पुरुष कायम फौजेत असायचा. तो मेला किंवा पळाला तर घरातला दुसरा. कागदोपत्री ५,६०० जणांची एक पलटण, 'वेई'. तिच्यात १,१२० चे पाच भाग, आणि त्या प्रत्येकात ११२ चे दहा.

या लोकांनी आपलं धान्य आपणच पिकवावं अशी पहिल्या मिंग सम्राटाची कल्पना होती. सीमेवर दहापैकी तिघांनी पहारा करायचा आणि सातांनी शेती. पण पाऊस कमी, जमीन हलकी, आणि थोडी बरी असलेली जमीन हळूहळू अधिकाऱ्यांच्या घशात गेली. शिपाई त्यांच्याच शेतावर राबू लागले. जमलं तेव्हा पळून गेले. यादीत नाव आणि बुरुजावर कोणी नाही अशी अवस्था आली.

दुसरी तजवीज मिठाची, आणि ती खरोखर हुशारीची होती. मीठ विकण्याचा हक्क सरकारचा. १३७० पासून सरकारने व्यापाऱ्यांना सांगितलं : सीमेवरच्या कोठारात धान्य पोचवा, पावती घ्या, आणि पावती दाखवून मीठ विकण्याचा परवाना मिळवा. एवढ्या लांब धान्य वाहून नेणं महागात पडतं हे व्यापाऱ्यांनी लगेच ओळखलं. काहींनी सीमेजवळच कुळं वसवून शेती सुरू केली. सरकारला एक गाडी न जुंपता रसद मिळू लागली.

१४९२ मध्ये महसूलमंत्री ये छी याने नियम बदलला. धान्य नको, मीठ-कचेरीत चांदी भरा. तिजोरीत चांदी वाढली. पण व्यापाऱ्यांना सीमेवर राहायचं कारणच उरलं नाही. ते मिठाच्या मुलखात, यांगजौकडे गेले, त्यांची सीमेवरची शेतं ओस पडली आणि धान्य महागलं. शिपायाच्या हातात चांदी येऊ लागली, पण तेवढ्या चांदीत पूर्वीइतकं धान्य येईना. मिंग सीमेचं सर्वांत मोठं नुकसान कुठल्या स्वारीत झालं असं मला कोणी विचारलं, तर मी हा कागदावरचा बदल आधी सांगेन.

८. भिंत बांधली कोणी, आणि इतक्या उशिरा का?

बहुतेक काम सैनिकांनीच केलं. उशीर यासाठी की मिंगांचे सुरुवातीचे सम्राट स्वतः गवताळ प्रदेशात स्वाऱ्या करत. भिंतीत बसून राहणं त्यांच्या गावी नव्हतं. १४४९ मध्ये थूमू इथे पश्चिमेकडच्या ओइरात मंगोलांचा सरदार एसेन याने मिंग फौज कापून काढली आणि खुद्द सम्राटाला पकडून नेलं. त्यानंतर बाहेर जाऊन लढण्याची धमक आटत गेली. त्यातच पीत नदीच्या मोठ्या वळणात मंगोल टोळ्या येऊन राहिल्या.

तिथे यू त्सीजुन या मुलकी अधिकाऱ्याने १४७४ मध्ये १,७७० ली (एक ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर) लांबीची तटबंदी उभी केली. ४०,००० सैनिक कामाला होते आणि ते तीन महिन्यांच्या आत संपलं. हे शक्य झालं, कारण ती मुख्यतः मातीची होती. शिवाय जिथे कडा होता तिथे त्याने कडाच तासून उभा केला. आतली जमीन लागवडीखाली आणली. १४८२ मध्ये लुटीला आत शिरलेली टोळी परत जाताना याच भिंती-खंदकांत अडकली आणि मारली गेली. भिंतीचं काम बऱ्याचदा हेच होतं : येणाऱ्याला उशीर करायचा, आणि लुटीची गुरं घेऊन जाणाऱ्याला कोंडायचं.

फोटोतल्या विटांच्या बुरुजांचं श्रेय छी जिग्वांगला. दक्षिण किनाऱ्यावर चाच्यांशी लढून नाव कमावलेला हा सेनापती १५६८ मध्ये जीजौला आला. शिपाई उघड्या भिंतीवर ऊनपाऊस खात उभे, दारूगोळा भिजलेला, हे त्याने पाहिलं. त्याने आतून पोकळ, मजली बुरूज आखले. त्यांत तीस-पन्नास माणसं, त्यांची हत्यारं, दारू आणि शिधा राहील. आधी ३,००० बुरुजांचा बेत होता; झाले सुमारे १,२००.

या भागातल्या काही विटांवर पलटणीचं नाव आणि वर्ष उठवलेलं आहे. कुठल्या तुकडीने काय बांधलं याचा तो पुरावा होता. वीट खराब निघाली तर कोणाला धरायचं हे ठरलेलं.

९. इतकी तयारी असूनही मंगोलांचा अल्तान खान बीजिंगपर्यंत कसा पोचला?

तो गेला ते १५५० साली, म्हणजे छी जिग्वांगच्या बुरुजांआधी. पण खरं कारण विटांचं नव्हतंच. अल्तान खान आधी दातोंगवर आला. तिथला सेनापती छ्यौ ल्वान याने त्याला लाच देऊन दुसरीकडे वळवलं. प्रत्येक ठाणं फक्त आपल्या हद्दीला जबाबदार होतं, तेव्हा दातोंग वाचलं की छ्यौ ल्वानचं काम झालं. खान पूर्वेला सरकला, गूबेईकौतून आत आला आणि बीजिंगच्या वेशीबाहेरची गावं जाळली. राजधानीच्या फौजेची यादी भली मोठी होती, प्रत्यक्ष लढायला उभे राहतील असे फार थोडे निघाले. युद्धमंत्र्याचा शिरच्छेद झाला.

नऊ ठाण्यांच्या मांडणीतली ही फट कधीच पूर्ण बुजली नाही. १६२९ मध्ये ईशान्येकडच्या मांचू लोकांचा राजा होंग थायजी हाच खेळ खेळला. समोर ल्याओदोंगकडची फळी भक्कम, म्हणून मंगोल मुलखातून वळसा घेऊन तो जीजौच्या खिंडींतून उतरला.

१०. शिपाई बंड करायचे का?

करायचे. दातोंगमधलं १५२४ चं बंड सांगण्यासारखं आहे. तिथल्या श्युनफूने शहराच्या उत्तरेला, शत्रूच्या अगदी तोंडावर, पाच नव्या गढ्या बांधल्या आणि शिपायांना बायकापोरांसह तिथे राहायला जायचा हुकूम दिला. नकाशावर योजना चांगलीच होती. पण त्या उघड्या माळावर पोरंबाळं घेऊन कोण जाणार? नाही म्हणणाऱ्यांना चाबकाचे फटके मिळाले. शिपायांनी त्या विभागाच्या सेनापतीला मारलं आणि नंतर श्युनफूलाही. १५३३ मध्ये तिथे पुन्हा बंड झालं.

काही जण थेट पलीकडे जायचे. अल्तान खानाच्या मुलखात चिनी शेतकरी, कारागीर आणि पळालेले शिपाई यांच्या वस्त्याच होत्या. भिंतीने माणसं बाहेर जायची थांबत नव्हती.

११. भिंतीपलीकडे कोणी जायचं का? आणि शत्रूशी व्यापार चालायचा का?

दोन्ही होत असे. टेहळ्यांना 'ये बू शौ' म्हणत, म्हणजे रात्रीही ज्यांना परत बोलावत नाहीत असे. ते दिवसेंदिवस गवताळ प्रदेशात राहून टोळ्यांचा माग काढत. पानगळीनंतर तुकड्या बाहेर जाऊन मैलोनमैल गवत पेटवून देत, शत्रूच्या घोड्यांना भिंतीजवळ चारा मिळू नये म्हणून.

व्यापाराची गोष्ट याहून महत्त्वाची. मंगोलांना कापड, धान्य आणि कढया हव्या होत्या. बाजार मिळाला तर ते घोडे विकत, नाही मिळाला तर लुटत. अल्तान खान अनेक वर्षं बाजार मागत होता आणि दरबार नकार देत होता. १५७० मध्ये त्याचा नातू बाहान नाजी घरात भांडून दातोंगला आला. तिथला त्सोंगदू वांग चोंगगू याने त्याला मारलं नाही, कैदही केलं नाही. पाहुण्यासारखं ठेवलं आणि बोलणी सुरू केली. नातू सन्मानाने परत गेला, बदल्यात अल्तानने पळून आलेले चिनी पुढारी हवाली केले. १५७१ मध्ये अल्तानला राजाची पदवी मिळाली आणि सीमेवर घोड्यांचे बाजार भरू लागले. लोखंडी कढया विकायच्या की नाही यावर दरबारात मोठा वाद झाला, कारण वितळवून हत्यारं करतील ही धास्ती. श्वेनफू आणि दातोंगच्या सीमेवर त्यानंतर कित्येक वर्षं शांतता होती. भिंतीला आणि सैन्याला जे जमलं नव्हतं, ते या बाजारांनी केलं.

१२. हान काळात, दोन हजार वर्षांपूर्वी, हीच पद्धत होती का?

साखळी तशीच, नावं वेगळी. सगळ्यात खाली 'स्वेई', म्हणजे दोनचार माणसांचा बुरूज. काही बुरुजांवर मिळून एक नायक, त्याच्यावर 'होउग्वान' नावाची कचेरी, तिच्यावर जिल्ह्याचा लष्करी अधिकारी. फरक असा की या काळाचे कागदच आपल्या हाती आहेत. खरं तर कागद नव्हेत, लाकडाच्या पट्ट्या. वाळवंटाच्या कोरड्या हवेत त्या टिकल्या. ज्यूयान भागात १९३० च्या सुमाराला दहा हजारांवर मिळाल्या, १९७० च्या दशकात आणखी सुमारे वीस हजार.

त्यांत रोजचं जगणं आहे. महिन्याचा शिधा, मिठाचा वाटा, सोबतच्या बायकामुलांचं धान्य. भिंतीबाहेर वाळूचा पट्टा सारखा करून ठेवायचा आणि सकाळी त्यावर पावलं उमटली आहेत का ते पाहायचं. नायकांची दर पानगळीत नेमबाजीची परीक्षा : बारा बाणांत सहा लागलेच पाहिजेत, त्यावर प्रत्येक बाणामागे पंधरा दिवसांची चाकरी जास्त धरली जाई.

आणि एक खटला. इ. स. २७. सू नावाच्या ठाणेदाराने खौ अन नावाच्या माणसाला ५,००० मासे विकायला दूरच्या बाजारात पाठवलं. चार लाख नाणी आणायचं ठरलं होतं. भाव पडला. खौ अनने मेहनतान्यात मिळालेला बैलही विकला, तरी ३,२०,००० च जमले. सूने दावा लावला. खौ अनने उत्तर दिलं : माझ्या मुलाने ठाणेदारासाठी तीन महिने मासे धरले त्याची मजुरी द्या, आणि माझ्या गाडीचं सामान त्यांच्याकडे आहे तेही धरा. तपासात कौल ठाणेदाराविरुद्ध, खौ अनच्या बाजूने गेला. सीमेवर, फौजी अधिकाऱ्याविरुद्ध, एका गाडीवानाचं म्हणणं पुन्हा पुन्हा लिहून घेतलं गेलं आणि ते आपण आज वाचू शकतो, याचं मला फार अप्रूप आहे.

१३. मांचूंनी भिंत फोडून राज्य जिंकलं नाही, मग मिंग राजवट बुडाली कशी?

आतून. १६३० च्या आसपास शान्शी आणि पश्चिमेकडच्या शेन्शी भागात दुष्काळ पडला. त्याच सुमारास दरबाराने खर्च वाचवायला सरकारी टपालचौक्या कमी केल्या. नोकरी गेलेल्या चौकीदारांत ली त्सीचंग होता. उपाशी शेतकऱ्यांना पगार थकलेले सीमेवरचे शिपाई येऊन मिळाले आणि बंडाला लढणारे हात मिळाले. १६४४ मध्ये ली त्सीचंग बीजिंगकडे निघाला तो सीमेच्या ठाण्यांतूनच. निंगवू खिंडीत कडवा प्रतिकार झाला. दातोंग, श्वेनफू आणि ज्यूयोंग खिंडीने मात्र दारं उघडली. सम्राटाने गळफास घेतला. भिंतीच्या पूर्व टोकाच्या शानहायग्वान खिंडीचा सेनापती वू सान्ग्वेई याने मग मांचूंना आत घेतलं.

१४. पुढे मांचूंनी ही व्यवस्था चालू ठेवली का?

जुन्या रूपात नाही. भिंतीच्या दोन्ही बाजू आता त्यांच्याच होत्या. १६९१ मध्ये गूबेईकौची पडझड दुरुस्त करायची परवानगी मागितली, तेव्हा खांग्शी सम्राटाने ती नाकारली. त्याच वर्षी खाल्खा मंगोल त्याच्या अधीन झाले होते आणि सीमा त्यांनी राखावी असं त्याचं मत होतं. खिंडींवर जकात आणि येण्याजाण्याची तपासणी मात्र चालू राहिली.

१५. भिंत अंतराळातून दिसते का?

चीनचा पहिला अंतराळवीर यांग लीवेई २००३ मध्ये परत आल्यावर म्हणाला, मला दिसली नाही. लांब असली तरी ती अरुंद आहे आणि रंगही आजूबाजूच्या मातीचाच.

१६. यातलं काही भारतात पाहायला मिळतं का?

पुरातत्त्व संशोधक ऑरेल स्टाइनने १९०७ मध्ये वायव्य चीनमधल्या दुनहुआंगजवळ हान भिंत शोधली. बोरू आणि वाळूमिश्रित खडीचे थर एकावर एक देऊन ती रचली होती. त्याच्या त्या मोहिमेचा मोठा खर्च तेव्हाच्या भारत सरकारने केला होता, म्हणून त्याने मध्य आशियातून आणलेल्या वस्तूंचा मोठा वाटा आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दुनहुआंगच्या लिहिलेल्या लाकडी पट्ट्या मात्र लंडनला गेल्या.